तिसऱ्या कोरची हजेरी

२८ जून २००१, गुरुवार. रास अल खैमा

बर्फाने काहीही केलेले नाही. हे विधान मी अकरा वर्षे करीत आलो आहे. पुण्यात ते शेवटपर्यंत ऐकून घेणारी दोन माणसे होती. त्यांपैकी एक गेल्या दिवाळीत वारले. १८१२ च्या जूनमध्ये नेपोलियनच्या सैन्याचा एक मोठा विभाग, तिसरी कोर, नेमन नदी उतरून रशियात शिरली, तेव्हा तिची संख्या सुमारे एकोणचाळीस हजार होती. सप्टेंबरात बोरोदिनोच्या लढाईला ती उभी राहिली तेव्हा उरले होते सुमारे अकरा हजार. स्मोलेन्स्कच्या आसपासच्या लढायांत पडलेले उदार हाताने वजा केले, तरी फार मोठा आकडा उरतो. ती माणसे बर्फात मेली नाहीत, कारण बर्फ अजून पडायचा होता. ती जुलैत गेली. उन्हाने, तहानेने, हगवणीने, चालता चालता.

हे सिद्ध करणारे तक्ते पूर्ण करण्यासाठीच मी येथे आलो आहे, असे मी लोकांना सांगतो. चौतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलेल्या आणि पत्नी शोभनाच्या पश्चात एकटे जेवणाऱ्या माणसाला मुलाने बोलावून घेतले, हेही तितकेच खरे कारण आहे. रणजितने मागची खोली दिली आहे. वातानुकूलन यंत्र अहोरात्र चालू असते. खिडकीला हात लावला तर चटका बसतो.

२ जुलै, सोमवार

जेवताना रणजित चिडलेला होता. एका सिरॅमिक कारखान्याच्या नव्या शेडचे बांधकाम त्याच्या कंपनीकडे आहे, आणि त्याच्या कामगारांची छावणी साइटला लागूनच आहे.

"कन्सल्टंट रोज विचारतो, मॅनपॉवर किती? मी मोहिद्दीनला विचारतो. तो म्हणतो, इन्शाल्ला दोनशे. आता इन्शाल्ला दोनशे हा काय आकडा झाला?"

मोहिद्दीन म्हणजे छावणीचा फोरमन. दाभोळचा आहे, वीस वर्षे आखातात आहे.

"तुझ्या फौजेला एक सेनापती पाहिजे," सूनबाई म्हणाल्या.

"सेनापती भरपूर आहेत, नीलिमा. कारकून नाहीये." मग माझ्याकडे पाहून तो हसला. "बाबा, तुमच्या फ्रेंच लोकांना सोडा थोडे दिवस. माझी माणसं मोजा."

ते त्याने थट्टेने म्हटले. मी मात्र थट्टेने घेतले नाही.

५ जुलै, गुरुवार

फ्रेंच कारकुनांची चूक कोणती होती? मागे पडलेला शिपाई उद्या येऊन मिळेल या आशेवर ते त्याला पटावर ठेवीत. सेनापतीला मोठा आकडा आवडे आणि कारकुनाला सेनापती. त्यामुळे कागदावर एक कोर चालत राहिली आणि रस्त्यावर दुसरी. गणनेत शिरणारी पहिली अशुद्धी म्हणजे दया.

म्हणून रणजितच्या छावणीसाठी मी वर्ग पाडले ते असे : हजर, कामासाठी बाहेर पाठवलेला, रजेवर, आणि आजारी. हजर म्हणजे रांगेत उभा राहून नावाला ओ देणारा. आजारी म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी असलेला. यांपैकी कशातही न बसणारा तो बेपत्ता. सलग तीन हजेऱ्यांना बेपत्ता असेल तो पळालेला. प्राचीन नैयायिक याला शेषवत् अनुमान म्हणतात : इतर सर्व शक्यता निरस्त झाल्या की जी उरते ती मान्य करावीच लागते.

तक्ता इशिताने कॉम्प्युटरवर करून दिला. बारा वर्षांची आहे, पण रकाने सरळ आखते. मध्येच तिने मान वर केली.

"आजोबा, व्हॉट इफ समवन इज जस्ट स्लीपिंग?"

"मग तो ओ देणार नाही."

"सो ही डझन्ट एक्झिस्ट?"

"अस्तित्वाचा प्रश्न वेगळा. आपण हजेरीबद्दल बोलतो आहोत."

"दॅट्स क्रीपी," ती म्हणाली आणि छापण्याची कळ दाबली.

९ जुलै, सोमवार

पहिली हजेरी. वेळ दुपारी एकची ठेवली आहे. सकाळी माणसे दोन तुकड्यांत बाहेर पडतात, त्यामुळे एकच माणूस दोनदा मोजला जाण्याचा संभव असतो. दुपारी जेवायला मात्र सगळे एकदम परततात. मोहिद्दीनला हे पटले नाही.

"सर, मुंडी मोजायचीय तर सकाळी मोजू ना. ह्या टायमाला इथं शेळीपण उभी राहत नाय."

"शेळीला नावाने हाक मारली तर ती ओ देत नाही. माणूस देतो. आपल्याला तेवढेच हवे आहे."

मी त्याच्या केबिनच्या दारात छपराखाली खुर्ची घेतली. पटावर २१२ नावे, पहिल्या मोजणीत २११ भरले. पुन्हा मोजले, पुन्हा २११. आकडा जुळेपर्यंत कुणी हलायचे नाही, हा नियम मी आधीच सांगितला होता. मागून कुणीतरी "यल्ला, चाचा, खलास करो" असे ओरडले, हशा पिकला, मी मोजणी पहिल्या नावापासून सुरू केली. त्यानंतर कुणी हसले नाही. सातव्या खेपेला, एक तास दहा मिनिटांनी, २१२ भरले. एक इसम शौचालयात होता. तोवर जेवणाची सुट्टी संपली आणि माणसे तशीच कामावर गेली.

केबिनच्या भिंतीवरच्या तापमापकात सत्तेचाळीस अंश होते. तिसऱ्या ओळीतला शटरिंगचा एक सुतार पाचव्या मोजणीच्या वेळी ओकला. खाली मात्र बसला नाही, म्हणून हजर.

संध्याकाळी कळले की तो हव्वाबीचा धाकटा भाऊ. हव्वाबी आमच्याकडे स्वयंपाक करते. गुहागरजवळच्या एका गावची, पन्नाशीची बाई, चहा उत्तम करते. भावाचे नाव गनी.

"त्याला लहानपणापासनं ऊन सोसत नाय, सायब," ती म्हणाली.

"मग त्याने सुतारकी घरात करावी," मी म्हणालो. ती हसली. मला वाटते विनोद तिला आवडला.

१० जुलै

२१२. अठ्ठावन्न मिनिटे.

११ जुलै

२१२. एक्केचाळीस मिनिटे. पद्धत रुजते आहे. रणजित कन्सल्टंटला फोनवर म्हणाला, "एक्झॅक्ट फिगर देतो." ते वाक्य मी खोलीत बसून ऐकले आणि पुस्तक मिटले. इतक्या वर्षांत मुलाने माझ्या विद्येचा उपयोग केला तो पहिल्यांदाच.

१४ जुलै, शनिवार

२११. गनी इस्माईल परकार, ओ नाही.

मोहिद्दीन म्हणाला, "खोलीत पडलाय, सर. ताप हाय. डोळं उघडत नाय."

"डॉक्टरांची चिठ्ठी?"

"चिठ्ठी कशी मिळणार? हेल्थ कार्डाशिवाय दवाखान्यात घेत नायत. कार्ड रिन्यूला गेलंय आणि मंदूब गावाला."

मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामे करणारा कंपनीचा माणूस. तो केरळात आहे, महिनाअखेर येईल. म्हणजे चिठ्ठी नाही. चिठ्ठी नाही म्हणजे आजारी नाही. रांगेत नाही म्हणजे हजर नाही. बाहेर पाठवलेला नाही, रजेवर नाही. बेपत्ता, हजेरी पहिली.

निघताना हव्वाबीने माझ्या हाती पेजेचा डबा दिला होता. "तुम्ही कॅम्पवर जाताच हाव, तर गनीला द्या." तो मी मोहिद्दीनकडे सोपवला. येताना डबा रिकामा मिळाला.

१५ जुलै, रविवार

२११. बेपत्ता, हजेरी दुसरी. डबा पोहोचवला. डबा अर्धा परत आला.

हव्वाबीने झाकण उघडून पाहिले. "अर्धीच प्याला," ती म्हणाली. मी तिला समजावले की डबा अर्धा रिकामा झाला यावरून तो कुणी रिकामा केला हे सिद्ध होत नाही. ती म्हणाली, "दुसरा कोण पिणार हो, सायब? बिनमिठाची होती."

तक्त्यात प्रगती. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच कोरची वाताहत सुरू झालेली दिसते. अधिकारी पत्रांतून लिहितात की रस्त्याच्या कडेला माणसे झोपल्यासारखी पडलेली आहेत.

१६ जुलै, सोमवार

आज मी स्वतः खोली पाहिली. खोली क्रमांक नऊ, बारा खाटा, एकावर एक. गनी दाराजवळच्या खालच्या खाटेवर होता. अंगावर ओला पंचा टाकलेला. तो सुकून कडक झाला होता. वातानुकूलन यंत्र दहा दिवसांपासून बंद आहे असे बाकीचे म्हणाले. मी नाव उच्चारले. त्याने डोळे उघडले, मला पाहिले, आणि उठण्याचा प्रयत्न केला. उठून उभे राहायचे होते, असे दिसले. एक पाय जमिनीला लागला. ओठ हलले. आवाज आला नाही.

प्रश्न उपस्थित होतो तो असा : ओठ हलणे म्हणजे ओ देणे काय? मी यावर प्रामाणिकपणे विचार केला. व्याख्येत दोन अटी आहेत, रांगेत उभे राहणे आणि ओ देणे. दुसरी अट संशयाचा फायदा देऊन पूर्ण झाली असे मानले, तरी पहिली राहतेच. शिवाय एका माणसासाठी व्याख्या बदलली, तर ती त्याच्यापुरतीच का, याचे उत्तर द्यावे लागेल.

"सर, मीच घेऊन जातो दवाखान्यात," मोहिद्दीन दारात म्हणाला. "तुम्ही सायबांना एवढं सांगा, की गाडी द्या म्हणावं. तुमचं ऐकतील."

मी म्हणालो, वाहनांचा विषय माझ्याकडे नाही.

२११. बेपत्ता, हजेरी तिसरी. खोलीतून आल्यावर बराच वेळ अस्वस्थ वाटत होते. दुर्गंधीमुळे असावे. सरबत घेतल्यावर बरे वाटले.

१७ जुलै, मंगळवार

रणजित सकाळीच तक्ता घेऊन बसला. इतक्या लक्षपूर्वक माझे काही वाचताना मी त्याला पाहिलेले नाही.

"तीन वेळा अबसेंट. म्हणजे तुमच्या रूलप्रमाणे अॅबस्कॉन्डिंग, बरोबर?"

"नियमाप्रमाणे पळालेला. होय."

"चौदापासून?"

"पहिल्या गैरहजेरीपासून. तेच तर्कसंगत आहे."

"मोहिद्दीन म्हणतो, त्याची हालत फार खराब आहे." त्याने पेन माझ्यापुढे सरकवले. "तुम्ही पट ठेवता, बाबा. सही तुमची लागेल."

मी सही केली. कामगार पळाल्याचा अर्ज आणि गनीचा पासपोर्ट घेऊन तो स्वतः सरकारी कचेरीत गेला. मंदूब नसताना एवढी तत्परता त्याने दाखवली, याचे मला समाधान वाटले.

दुपारी मोहिद्दीनने माझ्याशी बोलणे टाळले. ड्रायव्हरकडून कळले ते एवढेच : पळालेला माणूस छावणीत सापडला तर कंपनी अडचणीत येते, म्हणून साहेबांच्या सांगण्यावरून गनीला पिकअपमध्ये मागे आडवा घालून सरकारी इस्पितळाच्या फाटकापाशी, भिंतीच्या सावलीत बसवण्यात आले. जवळ पाण्याची बाटली ठेवली. खिशातले कंपनीचे ओळखपत्र काढून घेतले.

अडचणीचा मुद्दा ग्राह्य आहे. पळालेला माणूस छावणीत असू शकत नाही. असला तर तो पळालेला नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य असू शकत नाहीत, आणि त्यांपैकी एकावर माझी सही होती.

१८ जुलै, बुधवार

पट आता २११ नावांचा. सगळे हजर. एकोणतीस मिनिटे, आजवरचा सर्वांत कमी वेळ.

हव्वाबीने नेहमीप्रमाणे डबा पुढे केला. मी घेतला नाही. "त्याचे नाव पटावर नाही. डबा कुणाला द्यायचा?"

"नाय म्हंजे? कुठं गेला?"

"पळाला."

तिला आधी कळलेच नाही. मग ती म्हणाली, "पळाला? तो उठून मुतायला जाऊ शकत नाय, सायब. कुठं पळाला? कसा पळाला?"

मी सांगितले की पळाला ही संज्ञा आहे, वर्णन नव्हे. तिने डबा ओट्यावर ठेवला आणि पायात चप्पल न घालता बाहेर गेली. दुपारचे जेवण सूनबाईंनी बाहेरून मागवले.

२१ जुलै, शनिवार

तीन दिवसांनी हव्वाबी आली. आधी छावणीत गेली होती. मोहिद्दीनने तिला काय सांगितले कोण जाणे. तिथून ती इस्पितळात गेली, आणि दोन दिवस तिला कुणी आत घेतले नाही. काल घेतले. गनी अठरा तारखेच्या पहाटे गेला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्याला आत नेले होते, पण जवळ कागद नव्हता आणि तो बोलत नव्हता. त्याला नंबर दिला आहे.

ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत ये म्हटले, आली नाही.

"ते म्हणतात, कंपनीनं सांगूदे की आमचा माणूस. मगच नाव देऊ, मगच मय्यत ताब्यात देऊ. कंपनी म्हणते, आमचा नाय, चौदाला पळाला." मग ती म्हणाली, "सायब, तुम्ही शिकलेले. मला सांगा. चौदाला पळालेला माणूस सोळापर्यंत माझी पेज कसा पीत होता?"

वाक्यरचना ग्राम्य होती. परंतु विसंगती तिने अचूक पकडली. आमच्या वर्गात हे करू शकणारे विद्यार्थी थोडे होते. तसे मी तिला सांगितले.

"मला शाबासकी नको. एक ओळ लिहून द्या. सोळा तारखेला तुम्ही त्याला डोळ्यांनी बघितलात, मोहिद्दीनभाईंनी सांगितलं. ते स्वतः लिहून देणार नायत, त्यांचाही व्हिसा सायबांच्या हातात. तुम्हाला कोण काय करणार? गनी परकार कॅम्पात हजर होता, एवढंच लिवा. खाली सही. आईला निदान कबर कळूदे."

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

२२ जुलै, रविवार

रणजित खोलीत येऊन पलंगावर बसला. लहानपणी निकाल लागला की बसे तसा.

"बाबा, तुम्ही रोज लिहिता ना काहीतरी? त्यात ह्याचं आहे?"

"आहे."

"खोलीत गेलात तेही?"

"तेही."

"ती पानं फाडा."

"मूळ साधन नष्ट करणे मला शक्य नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला..."

"कसला इतिहास! शटरिंग कारपेंटर होता तो!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "लायसन्स जाईल. हे घर, इशिताची शाळा, तुमचा व्हिसा, सगळं खलास. आणि एक ध्यानात ठेवा. रूल तुमचा, सही तुमची. मी फक्त पुढे पाठवलं."

हे विधान तपासून पाहिले. त्याच्यात दोष सापडला नाही.

२३ जुलै, सोमवार

हव्वाबीला नकार दिला. कारणे क्रमवार सांगितली : पटावरील नोंद आणि माझे नवे विधान परस्परविरोधी ठरेल, मग दोन्ही अविश्वसनीय ठरतील, अविश्वसनीय साक्षीचा तिलाही उपयोग होणार नाही.

तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "तुम्ही त्याला हाक मारलीत तेव्हा तो उठायला बघत होता?"

"एक पाय खाली टेकला होता."

"तुमच्यासाठीच टेकला असंल," ती म्हणाली. "मोठ्या माणसासमोर पडून राहू नये, मीच शिकवलंय त्याला."

२६ जुलै, गुरुवार

सोमवारनंतर हव्वाबी कामावर आलेली नाही. तीन दिवस झाले. रणजितने तिचाही पळाल्याचा अर्ज केला. नीलिमा जेवताना म्हणाली, "रणजित, निदान तिचा तरी..." आणि पुढचे वाक्य पूर्ण केले नाही. इशिता अलीकडे माझ्या खोलीत येत नाही. तक्त्याचे रकाने मीच आखतो, वाकडे येतात.

मोहिद्दीनकडून कळले की काल गनीला बेवारस म्हणून पुरले. दगडावर नंबर आहे. हव्वाबीला जनाजा दुरून पाहू दिला.

३१ जुलै, मंगळवार

उद्या पुण्याला परततो. हजेरी आता मोहिद्दीन घेईल. तो ती सकाळी घेणार आहे.

आज तक्ते पूर्ण झाले, आणि शेवटच्या दिवशी एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात आली. मागे राहिलेल्यांच्या रकान्यातली ती हजारो माणसे हरवलेली होती असे मी अकरा वर्षे मानत आलो. ती हरवलेली नव्हती. आकडा लिहिणाऱ्या कारकुनाला ती दिसत होती. रस्त्याच्या कडेला, कोठारांत, घोड्यांच्या तबेल्यांत, हाकेच्या अंतरावर. बहुधा त्याने त्यांतल्या काहींना नावाने हाकही मारली असेल. हे कोणत्याही ग्रंथात मी वाचलेले नाही. तळटीप म्हणून घालावे लागेल; पुरावा काय देणार, हा मात्र प्रश्न आहे.

पाने फाडलेली नाहीत. कुणाला दिलेलीही नाहीत. वही सामानाच्या तळाशी, शोभनाच्या शालीत गुंडाळून ठेवतो. पुण्यात कपाटाला कुलूप आहे. शे-दीडशे वर्षांनी एखादा अभ्यासक ती उघडेल, तेव्हा त्याला साधन अखंड मिळावे. त्याच्या सोयीसाठी, व्याख्येला सोडून का होईना, मागितली होती ती ओळ मागितली होती त्याच शब्दांत येथे लिहून ठेवतो.

गनी इस्माईल परकार, राहणार गुहागरजवळ, दिनांक १६ जुलै २००१ रोजी छावणीत, खोली क्रमांक नऊमध्ये हजर होता. मी त्याला डोळ्यांनी पाहिले.

खाली सही केली आहे. वही खाजगी आहे.